मोल्डिंग पट्टी स्वतः करायची असेल, तर पातळ लाकूड कोठून आणावे?

अमळनेरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या घरातील चार दारांच्या चौकटींभोवती, दोन्ही बाजूंनी, सागाची मोल्डिंग पट्टी बसवायची आहे. बाजारातील तयार पट्टीची नक्षी पसंत नसल्यामुळे ती राऊटरवर, म्हणजे लाकडाच्या कडेला नक्षी पाडणाऱ्या यंत्रावर, स्वतःच घडवायची आहे. पट्टी साधारण दीड इंच रुंद आणि तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड हवी. पण वखारीत इंचाच्या आतली फळी मिळत नाही आणि प्लायवूडच्या दुकानातील लिपिंगची, म्हणजे प्लायच्या कडा झाकण्याची, पट्टी फार अरुंद पडते. असे पातळ लाकूड जळगाव-धुळ्याकडे कोठे मिळेल, असे विचारले आहे.

वखारवाला आडमुठेपणाने नकार देत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. तीन-चार सूत जाडीची फळी चिरून थप्पीला लावली, तर आपल्याकडच्या मे महिन्यात ती पंधरवड्यात पिळते, टोकांना फाटते, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत तिचे सरपण झालेले असते. शिवाय फळी जितकी पातळ, तितका पात्याखाली भुसा होणारा वाटा मोठा. सागाचा भाव घनफुटावर असल्यामुळे तो भुसा कोणाच्या पदरात टाकायचा, हा वाद नको म्हणून बहुतेक वखारी इंच, सव्वा इंच आणि दीड इंच एवढ्यावरच थांबतात. म्हणून माझे सरळ उत्तर असे की, पातळ लाकूड शोधण्यात वेळ घालवू नये. जाड, सरळ रेषेचे आणि वाळलेले लाकूड घ्यावे आणि पातळ पट्टी त्यातून आपणच काढावी. आपल्या कामात तर तशी पट्टी चिरून ठेवून मग घडवण्याचीही गरज नाही.

हे नीट समजण्यासाठी फळीच्या टोकाकडे पाहावे लागते. वखारीत येणारी बहुतेक फळी ओंडका एकामागून एक चिरून काढलेली असते. तिच्या टोकाला वार्षिक वलयांच्या रेषा रुंद बाजूला जवळजवळ समांतर, किंचित कमानीसारख्या दिसतात. अशी फळी रुंदीत जास्त हलते आणि पन्हाळीसारखी वळते. पण हीच दीड इंची फळी आडवी ठेवून तिच्या कडेवरून चार-चार सुतांच्या पट्ट्या काढल्या, तर प्रत्येक पट्टीची दीड इंची दर्शनी बाजू म्हणजे मूळ फळीची जाडी होते आणि वलयांच्या रेषा त्या बाजूला उभ्या येतात. सागाचे लाकूड वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या निम्म्याहून कमी ते वलयांना काटकोनात आकसते. ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत हा आकडा अनुक्रमे सुमारे ५.८ आणि २.५ टक्के असा आहे. स्वस्तातल्या फळीतून अशा रीतीने महागाच्या फळीसारखी शांत पट्टी मिळते.

आता हिशेब पाहू. ८ फूट लांब, ८ इंच रुंद आणि दीड इंच जाड फळी म्हणजे ८ गुणिले ८ गुणिले १.५ भागिले १४४, म्हणजे सुमारे ०.६७ घनफूट. कार्बाइड टिपचे पाते सुमारे ३ मिलिमीटर लाकूड खाते. पट्टी तीन सुतांपेक्षा थोडी जाड, म्हणजे १२ मिलिमीटरची धरली, तर प्रत्येक पट्टीला १५ मिलिमीटर लागतात. कड साफ करण्यात जाणारे वगळले, तरी एका फळीतून १२ पट्ट्या निघतात. आपल्या चार दारांच्या आठ बाजूंना उभ्या १६ पट्ट्या लागतील. आडव्या तुकड्यांसाठी, एका पट्टीतून सव्वातीन फुटांचे दोन तुकडे निघतात असे धरले, तर आणखी ४ लागतील. एकूण २० झाल्या. दोन फळ्यांतून २४ मिळतात, त्यामुळे गाठीच्या किंवा पिळलेल्या चार बाजूला टाकायला मुभा राहते. म्हणजे सारे काम दीड घनफुटाच्या आत बसते. एवढ्या मालासाठी मुंबई-नाशिक गाठण्याचे काहीच कारण नाही. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार यांपैकी जी वखार जवळ पडेल ती पुरते.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. वखारीतील दीड इंच हा करवतीखालचा आकडा असतो, म्हणजे जास्तीत जास्त ३८ मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी रंधा मारल्यावर ३५ उरतात. तयार पट्टी पुरी दीड इंच हवी असेल, तर पावणेदोन इंची फळी मागावी. टेप बरोबर न्यावी आणि फळी मध्ये नव्हे, तर दोन्ही टोकांना मोजावी. मोठ्या आऱ्यावर चिरलेल्या फळीत एका टोकाला सुता-दोन सुतांचा फरक निघणे ही रोजची गोष्ट आहे.

वखारीत फळी निवडताना घाई करू नये. थप्पीतील वरची फळी उन्हाने भाजलेली असते आणि अगदी खालची ओल धरून असते. मधल्या फळ्या काढून दाखवायला सांगाव्यात. दुकानदाराने थोडी कुरकूर केली, तर ती ऐकून घ्यावी. फळीचे एक टोक जमिनीवर टेकवून दुसरे डोळ्यासमोर धरावे आणि एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकावी. कड चपट्या अंगाने थोडी झुकलेली असेल, तर चालते. ती बाजूने वाकलेली असेल किंवा पिळलेली असेल, तर ती फळी परत ठेवावी. नंतर टोक पाहावे. वलयांचा अगदी मध्यबिंदू, म्हणजे ओंडक्याचा गर्भ, फळीत आला असेल, तर तेथून ती हमखास फाटते. मग कडेवरच्या रेषा शेवटपर्यंत पाहाव्यात. त्या कडेला समांतर धावत असाव्यात. मध्येच तिरक्या होऊन बाहेर पडत असतील, तर त्या जागी पातळ पट्टी खिळा ठोकताना मोडते. जाड चौकटीत हा दोष लपून जातो, पण तीन सुतांच्या पट्टीत तो लपत नाही. कडेचा पांढरा भाग थोडा असेल, तर तो आधी कापून टाकावा. या भागातच भुंगा लागतो, आणि पॉलिशखाली त्याचा रंग काही केल्या गाभ्याशी जुळत नाही.

बाजारात सागाची नावे ऐकून गोंधळ होतो. सी. पी. साग म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा, चंद्रपूर-बल्लारशाह आणि मध्य प्रदेशाकडचा. वलसाडी म्हणजे डांगच्या जंगलाकडचा, जो नंदुरबार-नवापूर पट्ट्याला लागूनच आहे. याशिवाय घाना, इक्वेडोर, कोलंबिया, टांझानिया अशा देशांतून लागवडीचा साग कांडला, मुंद्रा आणि न्हावाशेवा या बंदरांतून येतो. लागवडीच्या या सागात वलये रुंद असतात, गाठी जास्त असतात आणि पांढरा भागही जास्त असतो. पण मोल्डिंगच्या पट्टीसाठी त्यातली बिनगाठीची फळी निवडून घेतली, तर ती चांगली चालते आणि पैसे वाचतात. नावापेक्षा फळी पाहावी, असे माझे मत आहे.

साग नको असेल, तर आपल्याकडे शिवणीचे लाकूड विचारून पाहावे. ते वजनाला हलके असते, रंध्याखाली लोण्यासारखे जाते आणि वाळल्यावर फारसे हलत नाही. रंगवायच्या पट्टीला याहून बरे लाकूड मला ठाऊक नाही. हळदूचे दाणेही इतके बारीक असतात की, राऊटरची कड काचेसारखी स्वच्छ येते. मात्र हे दोन्ही मागितल्यावर लगेच मिळतीलच, असे नाही. कडुनिंबात रेषा उलटसुलट गुंतलेल्या असतात, त्यामुळे कोणत्याही दिशेने चालवले तरी थोडे चिरे उडतात. बाभळीचे तेच. निलगिरी पिळते. अंजन ही खानदेशच्या कोरड्या डोंगरांची शान खरी, पण ते पाण्यात बुडणारे लाकूड आहे. त्यात राऊटरचा बिट (फिरते पाते) घालणे म्हणजे बिटाचा बळी देणे होय.

ओलाव्याचा प्रश्न खानदेशात इतर भागांपेक्षा जास्त गंभीर आहे आणि बहुतेक घरगुती कामे येथेच फसतात. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि हवा इतकी कोरडी असते की, सावलीतले लाकूड ६ टक्के ओलाव्याच्या आसपास येऊन थांबते. ऑगस्टमध्ये तेच लाकूड १५ टक्क्यांपर्यंत पाणी ओढून घेते. या ९ टक्क्यांच्या फरकाने १०० मिलिमीटर रुंदीची पट्टी, तिच्यातील वलये आडवी असली, तर सुमारे पावणेदोन मिलिमीटर फुगते आणि वलये उभी असली तर पाऊण मिलिमीटरच फुगते. आपली पट्टी ३५ मिलिमीटरची असल्यामुळे हा फरक पाव मिलिमीटरवर येतो, म्हणजे चिंता नाही. पण हॉलच्या तळपट्टीला किंवा रुंद चौकटपट्टीला हात घालण्यापूर्वी हा हिशेब जरूर करावा.

लाकूड वाळले आहे की नाही, हे दुकानदाराच्या शब्दावर ठरवू नये. पिनांचा ओलावामापक स्वस्तात मिळतो, पण फळीच्या पृष्ठभागावर तो फसवतो; टोकाकडून वीतभर तुकडा कापून नव्या कापावर पिना टोचाव्यात. मापक नसेल, तर तोच तुकडा किचनच्या काट्यावर ग्रॅममध्ये तोलावा, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवावा आणि वजन उतरणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलावा. उतरलेल्या वजनाला शेवटच्या कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणले की, ओलाव्याची टक्केवारी मिळते. ती १० ते १२ च्या दरम्यान असेल, तर फळी कामाला घ्यावी. १८-२० निघाली, तर फळी घरातल्या एखाद्या खोलीत थप्पी लावून ठेवावी; पंख्याखालीही नको आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर मुळीच नको. दर दोन फुटांवर सारख्या जाडीच्या चिपा एकाखाली एक येतील अशा ठेवाव्यात, वर विटांचे वजन द्यावे आणि टोकांना ऑइलपेंटचा जाड हात मारावा, कारण लाकडातील पाणी टोकांतून फार वेगाने निघते आणि तडे तेथूनच सुरू होतात.

आता कामाची पद्धत. फळीच्या दोन्ही रुंद बाजू आणि एक कड रंधून काटकोनात आणावी. त्या कडेवर, म्हणजे फळी अखंड असतानाच, राऊटरने नक्षी पाडावी. यात राऊटरखाली आठ इंची जड फळी असते, बोटभर पट्टी नसते. त्यामुळे थरथर होत नाही, हात पात्यापासून दूर राहतो आणि नक्षी एकसारखी येते. नक्षी झाली की, ती कड १२ मिलिमीटरवर कापून काढावी, फळीची नवी कड पुन्हा रंधावी आणि हेच पुढे चालू ठेवावे. पट्टीची मागची बाजू करवतीचीच राहिली, तरी ती भिंतीकडे जाणार असल्यामुळे हरकत नाही. याचा अर्थ असा की, फळी सारख्या जाडीची करणाऱ्या ज्या थिकनेस मशीनवर पातळ पट्टी उडते किंवा टोकाला खड्डा पडतो, त्या मशीनची आपल्याला गरजच उरत नाही. फळी हळूहळू अरुंद होत जाते. शेवटच्या दोन-अडीच इंचांवर थांबावे आणि तो तुकडा दुसऱ्या कामाला ठेवावा. त्यामुळे एका फळीमागे बारा नव्हे, दहाच पट्ट्या धराव्यात असे कोणी म्हणेल, तर ते योग्यच आहे. हात बसलेला नसेल, तर दोनऐवजी तीन फळ्या आणाव्यात.

कापताना पट्टी नेहमी पात्याच्या मोकळ्या बाजूला पडली पाहिजे. कुंपणपट्टी (फळी जिला टेकवून सरळ ढकलतात ती) आणि पाते यांच्यामध्ये अडकलेली बारीक पट्टी सुटली, तर ती मागे उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात घुसेल इतक्या जोराने येते. आपल्याकडे हातकटर टेबलाखाली उलटा बांधून टेबल सॉ करण्याची फार रूढ पद्धत आहे. त्याला ना पात्यामागची फाळणी असते, ना झाकण, ना पटकन हाती लागणारे बटण. या कामाला तो वापरू नये, असे मी स्पष्ट सांगेन. तसे यंत्र घरी नसेल, तर नक्षी घरी पाडावी आणि कापणी दरवाजे तयार करणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये रनिंग फुटाच्या मजुरीवर करून घ्यावी. सागात वाळूसारखी सिलिका असते आणि ती साधे पाते काही फुटांतच बोथट करते, म्हणून कार्बाइडचाच बिट आणि पाते वापरावे. सागाची धूळ नाकाला आणि कातडीला झोंबते. तोंडावर मास्क असावा.

आपल्याला सागाची डोंगरासारखी चढत जाणारी नक्षीदार रेषाच समोर हवी असेल, तर मात्र ही युक्ती उपयोगाची नाही. तेव्हा फळी उभी करून तिची जाडी फाडावी लागते. हे काम बँड सॉवर, म्हणजे लांब पट्टीसारख्या पात्याच्या करवतीवर द्यावे, कारण त्याचे पाते दीड-दोन मिलिमीटरच खाते. इंची फळीतून दोन पाने निघतात, प्रत्येकी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. ती पाने बाहेर पडताच वाकू लागतात, कारण फळीचा गाभा बाहेरच्या थरापेक्षा ओला असतो आणि आत कोंडलेला ताण मोकळा होतो. त्यांना लगेच रंधा मारू नये. वर सांगितल्याप्रमाणे वजनाखाली आठ-दहा दिवस ठेवावे, मग सरळ करावे. तीन सूत जाडी तेव्हाच हाती लागते.

खानदेशात एक स्रोत असा आहे, ज्याकडे फार थोडे लोक वळतात, तो म्हणजे धाब्याची जुनी घरे. अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर या गावांत माळवदाची घरे पडतात आणि त्यांतील सागाचे सर (तुळया), खांब, दारे जुन्या लाकडाचे व्यापारी उचलतात. सरांवर आडव्या टाकलेल्या किलचांकडे मात्र ते ढुंकूनही पाहत नाहीत, आणि त्या बहुतेक वेळा सरपणाच्या भावात जातात. सागाच्या किलचा सहसा इंचाच्या आसपास जाड आणि हात-दीड हात लांब असतात. दाराच्या उभ्या किंवा आडव्या पट्टीला त्या पुरणार नाहीत, पण फोटोच्या चौकटींना आणि कपाटाच्या कडांना त्यांच्यासारखे लाकूड नव्याने विकत मिळत नाही. कित्येक उन्हाळे-पावसाळे सोसून ते शांत झालेले असते. सराचा तुकडा मिळाला, तर उत्तमच. तपासायचे एवढेच की, किलचांवर धाब्याची माती आणि चुना बसलेला असतो. तो तारेच्या ब्रशने आणि वाकसाने पूर्ण काढल्याखेरीज यंत्राला लावू नये, नाहीतर पात्याची धार पहिल्याच फेरीत जाते. खिळे शोधायला जोरदार लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवावे. तुटलेल्या खिळ्यावर ते अडखळते. भिंतीत गाडलेल्या टोकाकडचा हातभर भाग उधईसाठी पटाशीने टोचून पाहावा.

रंगवायच्या कामासाठी पाइनच्या पेट्याही वाईट नाहीत. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रे ज्या पेट्यांतून येतात, त्यांच्या फळ्या पाच ते सात सूत जाडीच्या असतात. पेटीवरचा शिक्का वाचावा: एचटी म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेली, ती घ्यावी, एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती घरात आणू नये. प्लायवूडच्या दुकानातील लिपिंग पट्टीबद्दल इतकेच म्हणतो की, ती छाटणातून काढलेली असते, गठ्ठ्यात वरच्या दोन चांगल्या आणि आतल्या पांढऱ्या निघतात. घ्यायचीच असेल, तर गठ्ठा सोडून घ्यावी. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) पावसाळ्यात ओल उतरणाऱ्या भिंतीजवळ लावू नये.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, यावल-रावेर-चोपड्यापासून शिरपूर-तळोद्यापर्यंत, कोणी ना कोणी स्वस्तात साग आणून देतो म्हणतो. तो घेऊ नये. सागाच्या वाहतुकीला वन विभागाचा पास लागतो, आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे बेकायदा लाकडाबरोबर ते वाहून नेणारी गाडीही जप्त होऊ शकते. स्वतःच्या शेताच्या बांधावरचा साग असला, तरी तोडण्यापूर्वी वन विभागाची परवानगी आणि नेण्यासाठी पास घ्यावा. वखारीतून घेतलेल्या दोन फळ्यांचेही बिल मागून ठेवावे. वन विभागाच्या आगारात लिलाव होतात, पण तेथे गोल लाकडाचे गट विकले जातात. दीड घनफुटांच्या गिऱ्हाइकाचे ते ठिकाण नव्हे.

पट्टी बसवण्याआधी पाठीमागच्या बाजूला दोन्ही कडा सोडून दीड मिलिमीटर खोल, रुंद खाच पाडावी, म्हणजे जुन्या मातीच्या गिलाव्याच्या उंचवट्यावर पट्टी डोलत नाही आणि कडा भिंतीला चिकटून बसतात. पॉलिशचा पहिला हात चारही बाजूंना, पाठीलासुद्धा द्यावा. एकच बाजू बंद केली, तर पट्टी पावसाळ्यात उघड्या बाजूने पाणी ओढून वळते. सागाच्या अंगचे तेल डिंकाला नीट धरू देत नाही, म्हणून कोपऱ्याचे पंचेचाळीस अंशांचे काप चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून लगेच डिंक लावावा. डिंक फक्त कोपऱ्याला आणि चौकटीकडच्या कडेला लावावा; भिंतीच्या बाजूला फक्त बिनडोक्याचे बारीक खिळे ठोकावेत आणि टोकाजवळचा खिळा आधी बारीक ड्रिलने भोक पाडूनच मारावा.